आमची वाटचाल: तीन बाइटांनी बुडता बुडता

“बटण दाबलं की फाइल उतरली पाहिजे, नुसती उघडता कामा नये.” वेबसाइटवरून फाइली विकणाऱ्यांना आम्ही डाउनलोडची सोय करून द्यायचो आणि सुरुवातीच्या काळात प्रत्येक ग्राहक हेच सांगायचा. पीडीएफची साधी लिंक दिली की ब्राउझर ती तिथल्या तिथे उघडून बसतो. उतरवायला लावायचं तर तेव्हा सर्व्हरने ‘कंटेंट-डिस्पोझिशन: अटॅचमेंट’ हे हेडर, म्हणजे फाइलीच्या आधी जाणारी सूचना, पाठवावी लागायची. त्यासाठी माझ्या भागीदाराने पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत एक स्क्रिप्ट लिहिली होती. आधी पैसे भरलेत का ते बघायचं, मग हेडर, मग फाइल वाचून पाठवणारं ‘रीडफाइल’ फंक्शन. जेमतेम चाळीस ओळी, पण आमचं पोट तिच्यावर होतं.

तिनेच आम्हाला बुडवायला घेतलं. आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाकडे झिप फाइली खराब उतरू लागल्या. पीडीएफ मात्र ठणठणीत! आम्ही दर वेळी पीडीएफच उतरवून बघायचो आणि “आमच्याकडे चालतंय” म्हणायचो. (हे वाक्य ग्राहकाला कधीही ऐकवू नका.) अकराव्या रात्री भागीदाराने फाइल बाइट-बाइट दाखवणारा हेक्स एडिटर उघडला. झिप फाइल ‘पी-के’ या अक्षरांनी सुरू व्हायला हवी. इथे त्यांच्या आधी तीन परके बाइट. कुणीतरी स्क्रिप्टच्या सेटिंगची फाइल नोटपॅडमध्ये ‘यूटीएफ-8’ या अक्षरसंकेतात जतन केली होती आणि नोटपॅडने सुरुवातीला गुपचूप ‘बॉम’ ही तीन बाइटांची न दिसणारी खूण चिकटवली होती. बाहेर जायचा मजकूर आधी साठवून ठेवणारं आउटपुट बफरिंग चालू, म्हणून हेडरच्या आधी बाइट आले तरी पीएचपीने हूं की चूं केलं नाही. किती बाइट येणार ते सांगणारं कंटेंट-लेंग्थ हेडर मूळ फाइलइतकंच, त्यामुळे पुढे तीन बाइट वाढले आणि मागचे तीन कापले गेले. पीडीएफ वाचणारी सॉफ्टवेअरं असलं बरंच पोटात घालतात. झिपची मात्र आतल्या यादीचा पत्ता सांगणारी शेवटची नोंदच तुटली, की संपलं.

तोवर काम गेलं होतं. ज्यांनी नेलं त्यांनी काय केलं, तर सगळ्या फाइली उघड्या फोल्डरमध्ये टाकून थेट लिंक दिल्या. पत्ता ठाऊक असला की कुणीही फुकट उतरवावं! वर बाहेर सांगत फिरले, “त्यांना साधं डाउनलोड जमत नाही.” आज इतक्या वर्षांनीही हे आठवलं की जेवण गोड लागत नाही.

त्या दिवसांत विणकामाचे नमुने विकणाऱ्या एक ताई तेवढ्या टिकल्या. फाइलींची नावं त्यांना देवनागरीतच हवी असायची आणि काही ब्राउझर त्यांचा पार चुराडा करायचे. शेवटी त्याच हेडरमध्ये एक साधं रोमन नाव आणि जोडीला ‘फाइलनेम-तारांकित’ (filename*) या भागात यूटीएफ-8मधलं देवनागरी नाव, अशी दोन द्यायला लागलो. 2011च्या आरएफसी 6266 या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजामध्ये हीच रीत बघितली तेव्हा भागीदाराने ते पान छापून भिंतीवर लावलं.

नवीन मुलांना सांगतो, हेडरमधल्या फाइलच्या नावात मोकळी जागा असेल तर नावाभोवती अवतरणचिन्हं घाला, नाहीतर नाव पहिल्या शब्दावरच तुटतं. आणि पत्त्यातून आलेलं फाइलचं नाव जसंच्या तसं रीडफाइलला देऊ नका. दोन टिंबं आणि तिरकी रेघ टाकत कुणीतरी तुमच्या पासवर्डच्या फाइलीपर्यंत पोहोचेल.

मधली वर्षं बरी गेली. 2018मध्ये क्रोम ब्राउझरची 65वी आवृत्ती आली आणि दुसऱ्या डोमेनवरच्या फाइलींसाठी ‘डाउनलोड’ अॅट्रिब्यूट, म्हणजे ‘उघडू नको, उतरव’ असं लिंकमध्येच सांगणारी खूण, मानेनाशी झाली. ताईंची चित्रं स्टोरेजच्या वेगळ्या डोमेनवर होती, ती उतरायची सोडून टॅबमध्ये उघडू लागली. तिकडच्या फाइलींना तेच जुनं हेडर लावलं, दुपारपर्यंत काम झालं. ताईंनी फोनवर एवढंच विचारलं, “या वेळी झिप उघडून बघितलीत ना?”