माईक नाही, स्पीकर नाही, तरी अंगावर काटा

बॉस्टनला येऊन दुसरं वर्ष सुरू झालं. पहिल्या ऑक्टोबरात मी लायब्ररी आणि खोली यापलीकडे काही पाहिलंच नव्हतं, सेमिस्टरचं ओझंच तेवढं होतं, त्यामुळे यंदा ठरवलं की वीकेंडला बाहेर पडायचंच. सप्टेंबरमध्ये शेजारच्या समरव्हिल गावाचा फ्लफ फेस्टिव्हल झाला (मार्शमॅलोचं ते पांढरं चिकट क्रीम १९१७ मध्ये याच गावात निघालं, गावाला त्याचा केवढा अभिमान!), एकदा नॉर्थ स्टेशनहून ट्रेन पकडून सेलमची हॅलोविनची गर्दी बघून आले. छान होतं सगळं. पण लिहायला बसवलं ते हॉन्कने.

हॉन्क म्हणजे रस्त्यावर वाजवणाऱ्या ब्रास बँडचा उत्सव. समरव्हिलच्याच डेव्हिस स्क्वेअर या चौकात २००६ पासून दर ऑक्टोबरात भरतो, तिकीट नाही. मी शनिवारी दुपारी डेव्हिस स्टेशनचा जिना चढून वर आले आणि कानावर बास ड्रमचा ठोका पडला. खरं सांगते, पाय तिथेच थांबले. तीन वर्षं पुण्यात पथकात ढोल वाजवलाय मी, जुलैपासून नदीपात्रात सराव, चिखल, पाऊस, भिजलेले दोर. त्या ठोक्याने सगळं एकदम वर आलं आणि मी अनोळखी माणसांच्या गर्दीत उभी राहून रडले.

मग लक्षात आलं की इथे स्पीकर नाहीये. एकही नाही. स्टेजसुद्धा नाही, बँड जमिनीवर, लोकांच्या बरोबरीने उभा. एक बँड चौकात, दुसरा पुढच्या वळणावर, आणि कोणी कोणाचा आवाज मारत नाही. सत्तरीच्या एक बाई ट्रॉम्बोन वाजवत होत्या, त्यांच्या कोपराला लागू नये म्हणून एक छोटा मुलगा मागे सरकून उभा राहिला, इतकं जवळ.

आणि मला राग आला. इथल्या कोणाचा नाही, आपला. कसबा पेठेतल्या आमच्या घरात विसर्जनाला स्पीकरची भिंत दारासमोर आली की मांडणीतली भांडी वाजतात, आजी दोन्ही कानांवर हात ठेवून देवघराजवळ बसून राहते. रात्री १० नंतर लाउडस्पीकर नको हा नियम २००० सालापासून आहे, सणाचे काही दिवस १२ पर्यंत सवलत, पण वेळेपेक्षा तो आवाज सोसवत नाही. आमचं पथक पुढे आणि मागून भिंत, अशा वेळी ताशाच्या काड्या हलताना दिसायच्या आणि ताशा ऐकूच यायचा नाही. ज्या ताशावर अख्खं पथक हात, म्हणजे ठेका, बदलतं तो ताशा! सहा-सहा आठवडे सराव केलेल्या पोरांनी काय करायचं? नुसते हात दुखवून घ्यायचे?

पण लगेच हेही सांगते, कारण इथल्या एका मैत्रिणीने आमच्या मिरवणुकीचा व्हिडिओ बघून "तुमच्याकडे फक्त गोंगाट असतो" असं म्हटलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. लक्ष्मी रोडवर त्या दिवशी जेवढी माणसं असतात तेवढी या डेव्हिस स्क्वेअरमध्ये मावणार नाहीत, तुलना कशी करणार? आणि वाजवायचा आम्ही एक रुपयाही घेत नव्हतो, ढोलाची पानं फुटली की वर्गणी काढायचो. मी यंदा गणपतीला गेले नाही ते क्लासेस होते म्हणून, तिकीट परवडत नव्हतं म्हणून, मन नव्हतं म्हणून नाही.

रविवारी परत गेले. डेव्हिसहून हार्वर्ड स्क्वेअरपर्यंत मास ॲव्हेन्यूवरून मिरवणूक निघते, गाड्या बंद, सायकली, मोठमोठ्या बाहुल्या, मध्ये बँड. मी वाटेतल्या पोर्टर स्क्वेअरपासून शेवटपर्यंत चालले.

संध्याकाळी हार्वर्डच्या प्लॅटफॉर्मवर बाकावर शेजारी एक सूसाफोनवाला येऊन बसला, ते भलंमोठं पितळी वाद्य पायात उभं करून. ट्रेन लांबली होती म्हणून बोलणं निघालं. बाहेरून येणाऱ्या बँडना गावातली माणसं आपल्या घरी उतरवून घेतात, तो एका शिक्षिकेच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपत होता आणि सकाळी तिनेच नाश्ता करून घातला होता. आमचं पथक बाहेरगावी वाजवायला गेलं की असंच, कोणाच्या तरी वाड्यात सतरंज्या आणि पोहे.

त्याच्या ओठांवर माउथपीसचा गोल लालसर वळ उठला होता. मी त्याला माझी तर्जनी दाखवली, ढोलाचं टिपरू (वाजवायची काठी) धरून पडलेला घट्टा, आता अगदी पुसट झालाय. त्याने बोट धरून नीट पाहिलं आणि विचारलं, शेवटचं कधी वाजवलंस? दोन वर्षं झाली म्हटलं. तो काहीच बोलला नाही, सूसाफोन जरा बाजूला घेतला आणि बाकाची रिकामी लाकडी फळी माझ्याकडे मोकळी केली. मी दोन्ही हातांनी आमच्या पथकाचा पहिला हात वाजवला, ट्रेन येईपर्यंत.