कितवीत आहे मुलगा?

रविवार, रात्रीचे साडेअकरा

"मुलाच्या प्रोजेक्टसाठी का?" काल तापकीर गल्लीतल्या काकांनी एलईडीची पट्टी मोजता मोजता सहज विचारलं आणि मी "हो" म्हणून मोकळा झालो. तिथेच थांबायचं ना. "कितवीत?" "सातवीत."

सातवीत म्हणे! आकडा जिभेवर तयारच होता. हिशोब केला तर बरोबरच येतो म्हणा. पण तो हिशोब आम्ही घरात करत नाही.

46 वर्षांचा माणूस स्वतःसाठी लाइटसेबर, म्हणजे सिनेमातली ती उजेडाची तलवार, करतोय, हे सांगायला काय झालं होतं? काका हसले असते, एवढंच. माझ्या वयाचे लोक दर रविवारी सिंहगड चढून पिठलं-भाकरी खाऊन येतात, त्यांना विचारतं का कोणी, की मुलासाठी चढलात का म्हणून? आज दिवसभर हेच डोक्यात. सोल्डरिंग करताना बोट भाजलं तेही त्यापायीच.

मूठ झाली आहे. बेसिनखालचा क्रोमचा पाईप प्लंबरने बदलला तेव्हा जुना मी टाकू दिला नव्हता (त्यावरून अजून ऐकतो). पातं म्हणजे एक इंची पारदर्शक ॲक्रिलिकची नळी, आत पाठीला पाठ लावून दोन पट्ट्या, मिळून 96 दिवे. भोवती हिच्या केकचा बटर पेपर गुंडाळलाय, नाहीतर पातं दिसतच नाही, नुसते ठिपके दिसतात. दुपारी पहिल्यांदा पांढरा रंग लावून बघितला. मुठीपाशी लख्ख, आणि टोकाला गाजरासारखं केशरी. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की 60 मिलिअँपिअरपर्यंत खातो, 96 दिव्यांचे झाले पावणेसहा अँपिअर. पट्टीतल्या पातळ तांब्यातून जाता जाता 5 व्होल्ट गळत जातात. निळ्याला व्होल्टेज जास्त लागतं, तो बिचारा आधी मान टाकतो. लाल शेवटपर्यंत तगून असतो. नुसता निळाच पेटवला तर एक तृतीयांश करंटमध्ये भागतं. म्हणून माझी तलवार निळी. तत्त्वबित्त्व काही नाही, बॅटरी.

संध्याकाळभर ते केशरी टोक बघत बसलो होतो. कुणासाठी चाललंय हे सगळं? नाना असते तर मल्टीमीटर घेऊन शेजारी बसले असते. असो.

मग आठवलं, 1977 च्या 'स्टार वॉर्स'मधली मूळ तलवार तरी काय होती! सेट सजवणारा रॉजर ख्रिश्चन लंडनमधल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेला, तिथे त्याला ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या जुन्या मुठी मिळाल्या. त्यावर काळ्या रबराच्या पट्ट्या डकवल्या, कॅल्क्युलेटरच्या भिंगांची एक पट्टी लावली, झालं. पातं तर पेटायचंच नाही. काठीला चकाकणारी टेप, आणि उजेड नंतर फिल्मवर चढवलेला. त्या दुकानदाराने त्याला काय विचारलं असेल? पुढे त्याच सिनेमाच्या सजावटीसाठी त्याला ऑस्कर मिळालं. माझ्या नळीतले दिवे निदान खरे आहेत.

आणि दोष टोकाचा नव्हताच. काल निघताना काकांनी मागून हाक मारून सांगितलं होतं, "मुलाला सांगा, सप्लाय दोन्ही टोकांनी दे. एकीकडूनच दिला तर शेवट पिवळा पडतो." वर दोन मीटर वायर तशीच हातात ठेवली, पैसे घेतले नाहीत. मी "सांगतो" म्हणालो. पोरगं ऐकेल तर शपथ.

जेवण झाल्यावर वायर जोडली, दिवे घालवले. आवाजाचं मॉड्यूल अजून बसलेलं नाही, त्यामुळे ही तोंडानेच "व्हूंऽऽ" करत हॉलभर तलवार फिरवत होती. पंखा थोडक्यात वाचला. तेव्हाच, अंधारात, तिला काकांचं सगळं सांगून टाकलं. ती हसली. मग व्हूं बंद झालं.

"सातवीत नाही," ती म्हणाली. "जूनमध्ये वय बसलं नसतं. सहावीत."

म्हणजे काकांना मी चुकीचं सांगितलं. मुठीला स्विच हवाच आहे, शनिवारी जाईन.