सायकल-शब्दांची वही: चौथा महिना

गेल्या वेळी वहीत ३१ शब्द होते, आज ४७ झालेत. नियम तोच आहे: राइडवर किंवा दुकानात जो शब्द प्रत्यक्ष कामी आला, तोच वहीत घ्यायचा. वही सावकाश भरते, पण प्रत्येक शब्दाबरोबर एक रस्ता लक्षात राहतो.

या महिन्याचा पहिला शब्द कात्रजच्या जुन्या घाटानं दिला. चढावर पूर्ण जोर लावलेला असताना मी पुढचा गिअर बदलला आणि चेन छोट्या चक्रावरून आत घसरून नळीला चिकटली. एका काडीनं ती उचलली, चक्राच्या वरच्या दातांवर टेकवली, मागचं चाक अधांतरी धरून पायडल हातानं फिरवलं, बसली. ‘चेन पडली’ हा आपल्याकडे बिघाड. पण गिअर बदलणाऱ्या यंत्राचं नाव याच बिघाडावरून आलंय! डिरेलर हा शब्द फ्रेंच, आणि त्याचा अर्थ रुळांवरून खाली उतरवणारा. चेनला एका चक्रावरून मुद्दाम पाडायचं आणि शेजारच्या चक्रावर झेलायचं, एवढंच तर तो करतो. ‘तूर द फ्रान्स’ सुरू करणाऱ्या आन्री देग्रांजचा या यंत्राला विरोध होता. त्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ साली. तोवर मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या दातांची चक्रं असायची. घाट लागला की उतरायचं, चाक काढायचं, फिरवून बसवायचं आणि मग चढायचं.

रेल्वेचाच आणखी एक शब्द सापडला: ‘लांतेर्न रूज’, म्हणजे लाल कंदील. शर्यतीत सगळ्यात शेवटी असणाऱ्याला असं म्हणतात. गाडीच्या शेवटच्या डब्यावर लाल दिवा असायचा. तो दिसला की स्टेशनवाल्यांना कळायचं, गाडी पूर्ण आली, मध्ये कुठे डबा सुटलेला नाही. मला हा अर्थ फार आवडला. आमच्या ग्रुपमध्ये आता शेवटी राहणाऱ्यानं सगळ्यांना मोजायचं असं ठरलंय, आणि त्याला आम्ही ‘लाल दिवा’च म्हणतो.

‘डोमेस्टिक’ म्हणजे घरगडी. १९११ च्या तूरमध्ये मोरिस ब्रोको या स्वारानं फ्रांस्वा फाबेर या दुसऱ्या स्वाराला साथ दिली, म्हणून देग्रांजनं त्याला हा शब्द चिडून लावला. ब्रोकोनं पुढचाच टप्पा जिंकला. शिवी म्हणून आलेला शब्द आज टीमसाठी वारा अंगावर घेणाऱ्याचं मानाचं पद आहे.

आता गिअर इंच. हा शब्द मी वर्षभर अर्थ न कळता वापरत होतो. वडिलांची जुनी काळी सायकल अंगणात उलटी केली, खडूनं खूण करून दात मोजले: पुढे ४४, मागे १८. भागाकार २.४४, त्याला २८ इंची चाकानं गुणलं की साधारण ६८ इंच. हे ६८ इंच कशाचे? तर पुढे अवाढव्य चाक आणि मागे इवलंसं चाक असलेल्या पेनी-फार्दिंग सायकलीचे. तिला चेन नव्हती, पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला. पायडलच्या एका फेऱ्यात किती अंतर जायचं ते चाकाच्या मापावरच ठरायचं. वडिलांची सायकल एका फेऱ्यात ६८ इंच व्यासाच्या चाकाएवढी पुढे जाते. एवढ्या मोठ्या चाकावर बसून पायडलपर्यंत पाय पोचवायला माणूस केवढा उंच लागेल! चेननं ती अडचण सोडवली, मोजमाप मात्र मागे राहिलं.

सगळ्यात जास्त पानं आमच्या पेठेतल्या काकांच्या दुकानात भरली. मी त्यांना म्हटलं, “काका, चाक हलतंय.” ते म्हणाले, “हलत नाहीये, आउट आलाय.” सायकल स्टँडवर घेतली, चाक फिरवलं आणि खडू चिमट्याला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांना, टेकवून रिमच्या अगदी जवळ धरला. जिथं रिम बाहेर येत होती तिथंच पांढरी रेघ उठली. त्या रेघेपाशी चावीनं एका बाजूचा आरा पाव फेरा आवळला, समोरचा तेवढाच सैल केला. पुन्हा खडू. चौथ्या वेळी रेघ उठलीच नाही. “निघाला आउट.”

काका ‘ओव्हरऑइल’ म्हणतात तो मूळचा ‘ओव्हरहॉल’. हा शब्द जहाजावरचा: दोर उलट ओढून सैल करायचे आणि तपासायचे. आपल्याकडे सायकल पूर्ण खोलून, छर्रे धुऊन, तेल-ग्रीस भरून परत जोडतात, तेव्हा ओव्हरऑइल म्हणणंच मला जास्त पटतं.

आणि ‘आरे’. हा संस्कृत ‘अर’, रथाच्या चाकातला. बैलगाडीच्या चाकाला मधोमध तुंबा असतो, आरे असतात, वर लोखंडी धाव असते. सायकल आली तेव्हा यातले फक्त आरेच तिच्यात आले. तुंब्याचा हब झाला, धावेच्या जागी टायर आला. खरं तर काम बदललंय ते आऱ्यांचंच: लाकडी आरा दाबाखाली उभा राहून भार पेलतो, तारेचा आरा ताणलेला असतो म्हणून पेलतो. म्हणून तर तो ताण कमी-जास्त करायला चावी लागते.

सत्तेचाळिसावा शब्द ‘ब्रेव्हे’, अर्थ प्रमाणपत्र. २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, १२ तास ४० मिनिटांत पूर्ण झाली. मुदत साडेतेरा तासांची असते. अशा राइडला ऑडॅक्सही म्हणतात, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ धाडसी. १८९७ साली काही इटालियन स्वार दिवसाउजेडी रोमहून नेपल्सला, २३० किलोमीटर गेले, त्यांना लोकांनी ही पदवी दिली. शिक्के मारलेलं माझं कार्ड त्याच पानावर चिकटवलंय. आता ३०० ची तयारी. त्याआधी मागच्या चाकाचा आउट स्वतः काढायचाय, काकांनी खडू दिलाय.