आमची वाटचाल: सालीसकट कोंबडी

बडोद्याच्या फतेहगंजात रोस्ट चिकन विकणारे आज पुष्कळ झालेत. आम्ही सुरू केलं तेव्हा कोंबडी म्हणजे रस्सा, नाहीतर लारीवरची लालभडक तंदुरी. सबंध कोंबडी, खाली बटाटे-गाजरं, तेल नावाला आणि वर ताजा पाला, याला आमचेच पाहुणे आजाऱ्याचं जेवण म्हणायचे. गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची. युनिव्हर्सिटीची होस्टेलवाली पोरं, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यातली आपली मराठी घरं, जिथे स्वयंपाकघरात कोंबडी शिरत नाही पण गच्चीवर पार्सल चालतं.

भागीदार माझा मावसभाऊ, मूळचा बेकरीतला. पहिला ओव्हन त्यानेच जुना बघून आणला. डावीकडे जास्त तापायचा, त्यामुळे निम्म्या वेळाने ट्रे फिरवावा लागे. बटणावर २०० दिसलं तरी खरं तापमान जाळीवरच्या थर्मामीटरलाच विचारायचं. दुसरा थर्मामीटर सुईचा. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता. ७४ अंश आले की कोंबडी बाहेर. किलोभराच्या कोंबडीला तासाच्या आसपास लागतो. मग दहा मिनिटं सुरी लावायची नाही, रस सगळा पाटावर जातो.

खरी कटकट सालीची. चिकनवाला सवयीनेच साल ओढून काढतो, आणि सोललेली कोंबडी ओव्हनमध्ये लाकूड होते. सालीखाली आम्ही रोझमेरी, लिंबाची किसलेली साल आणि थंडीत पातीचा लसूण भरतो. चरबी नको असेल त्यांनी साल खाताना काढावी, भाजताना नाही. आणि कोंबडी नळाखाली धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर, कोथिंबिरीवर, सगळीकडे जातात. घरोघरी सांगतो, कुणी ऐकत नाही. रोझमेरी गच्चीवर लावणार असाल तर मे महिन्यात दुपारची सावली द्या. पावसाळ्यात कुंडीत पाणी साचलं तर मुळं कुजतात.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला. आपल्या देशात पहिल्यांदाच. नवापूर गुजरातच्या हद्दीला लागून, त्यामुळे बडोद्यात कोंबडीचं नाव काढायची चोरी. आमचा माल आणंदकडून यायचा. पण समोर नुकतंच एक दुकान उघडलं होतं. गरगर फिरणारं काचेचं मशीन, रंग लावलेल्या कोंबड्या, भाव आमच्याहून कमी. त्या मालकाने रातोरात पनीर टिक्क्याची पाटी लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, समोरच्यांचा माल नवापूरचा. आणंदच्या पावत्या मी काचेवर चिकटवल्या. वाचतो कोण! ७० अंशांवर विषाणू मरतो, नीट शिजवून खा, असं तेव्हा पेपरातही येत होतं. तरी ओव्हन दिवसचे दिवस थंड. मावसभावाने आईची पाटली गहाण ठेवून दुकानाचं भाडं भरलं. ते मला त्याने कितीतरी उशिरा सांगितलं.

तेव्हा रोज येणारं गिऱ्हाईक एकच, कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलेलं. यायचे, सुई स्वतः टोचायचे, आकडा मोठ्याने वाचायचे आणि फुटपाथला तोंड करून खुर्चीवर बसून खायचे. समोरच्याला दिसावं म्हणून खुर्ची तशी तेच फिरवून घेत. त्यांचं बघून आधी होस्टेलची पोरं परतली, मग घरं.

त्यापुढची वर्षं बरी गेली. ओव्हन बदलला, नाताळात ऑर्डरी पुरवताना दमछाक होते, श्रावणात आणि नवरात्रात आम्ही सरळ गावी जातो.

समोरचं मशीन केव्हाच भंगारात गेलं. परवा त्या मालकाचा मुलगा आला होता, रोस्टचं काढतोय म्हणे. सालीसकट कोंबडी कोण देतो, विचारत होता. चहा पाजला. नाव सांगितलं नाही.