शस्त्रक्रिया न झालेला दिवस

अमेरिकेत जिवंत दात्याचे मूत्रपिंड काढून दुसऱ्याला बसवणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला केवळ दात्याच्या बाजूने विचार करणारी एक स्वतंत्र व्यक्ती नेमावी लागते. संघराज्य सरकारचा हा नियम 2007 सालचा आहे. ओहायो राज्यातल्या एका रुग्णालयात हे काम मी करते. मूत्रपिंड ज्याला मिळणार त्या रुग्णाशी माझा संबंध येत नाही. दात्याला धोके नीट समजले आहेत का, त्याच्यावर घरच्यांचा किंवा बाहेरच्या कोणाचा दबाव आहे का, कोणी पैशाचे आमिष दाखवले आहे का, हे मी पाहते आणि शंका आली तर शस्त्रक्रिया थांबवायला सांगते. अवयवाची खरेदी-विक्री येथे 1984 च्या कायद्याने गुन्हा ठरवली आहे, त्यामुळे शेवटचा प्रश्न मला प्रत्येकाला विचारावाच लागतो.

आमच्याकडे येणारे बहुतेक दाते आई-वडील, भावंडे, पती-पत्नी किंवा मित्र असतात. देशभरात दरवर्षी सहा हजारांच्या आसपास लोक जिवंतपणी मूत्रपिंड देतात, पण ‘ज्याला लागेल त्याला द्या’ असे म्हणत येणारे त्यांतले काही शेच असतात. मी ज्या गृहस्थांविषयी लिहीत आहे ते या थोड्यांपैकी एक. त्यांची ओळख पटेल असे तपशील त्यांच्या संमतीने बदलले आहेत.

पन्नाशी ओलांडलेले हे गृहस्थ मका आणि सोयाबीनच्या शेतांनी वेढलेल्या एका लहान गावात शाळेची पिवळी बस चालवत. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचा पगार नसे, तेव्हा धान्याच्या कोठारावर काम करत. शिवाय गावच्या अग्निशमन दलात ते अनेक वर्षे बिनपगारी काम करत होते. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत आग विझवणारे बहुतेक लोक असेच स्वयंसेवक असतात, पेजर वाजला की हातातले काम टाकून धावतात. त्यांच्या बसमधल्या एका मुलीची आई डायलिसिसवर होती. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी चार-चार तास यंत्राला जोडून बसणे म्हणजे काय, हे त्यांनी तिच्या दंडावर फुगून आलेल्या शिरेकडे पाहून विचारले आणि समजून घेतले. तिला मूत्रपिंड द्यायचे म्हणून ते आमच्याकडे आले, पण तपासण्या चालू असतानाच तिला मृत दात्याचे मूत्रपिंड मिळाले. यावर त्यांनी कळवले की मन एकदा तयार केलेच आहे, तर आता दुसऱ्या कोणाला तरी द्यावे.

या कामाची सुरुवात मी मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून केली. तेथे दाता म्हणून माझ्यासमोर बसत त्या बहुधा आया आणि बायका. ‘स्वखुशीने देताय ना?’ हे मी विचारत असे तेव्हा सासरची माणसे दाराबाहेर उभी असत, आणि होकार ऐकूनही माझे मन शांत होत नसे. भारतातल्या 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार जवळच्या नात्याबाहेरच्या दात्याला अशा दानाला परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढे जाऊन आपुलकीचे कारण सिद्ध करावे लागते. बाजार रोखण्यासाठी ती कडक अट आवश्यकच आहे. पण कोणाच्याही नात्यात नसलेला, कोणाचेही देणे लागत नसलेला माणूस आपणहून समोर बसतो, हे त्या वर्षांत मी कधी पाहिले नव्हते. म्हणून या गृहस्थांच्या बाबतीत मी नेहमीपेक्षा जास्त प्रश्न विचारले. कसल्या अपराधाची भरपाई करता आहात का? नाव व्हावे असे वाटते का? मूत्रपिंड चालले नाही आणि तो रुग्ण दगावला तर तुमचे काय होईल? प्रत्येक प्रश्नावर ते थोडा वेळ विचार करत आणि मगच उत्तर देत.

पहिल्या खेपेस त्यांना नकार मिळाला. रक्तातली साखर काठावर होती आणि वजन जास्त होते. असा माणूस पुढे मधुमेही झाला तर एका मूत्रपिंडावर ते झेपणे कठीण. आमच्या अनुभवात येथे बरेच जण थांबतात आणि त्यात काहीच गैर नाही. हे गृहस्थ जवळपास वर्षाने परत आले, कमरेचा पट्टा चार भोके आत घेऊन. सकाळची फेरी संपली की दुपारच्या फेरीपर्यंतच्या वेळात ते शाळेच्या धावमार्गावर चालत असत. साखर उतरली होती. डॉक्टरांच्या समितीने त्यांना पात्र ठरवले आणि त्यांचे मूत्रपिंड एका साखळीच्या आरंभी ठेवायचे ठरले.

साखळीची कल्पना अशी. नवऱ्याला मूत्रपिंड द्यायला बायको तयार आहे, पण रक्तगट जुळत नाही, किंवा नवऱ्याच्या रक्तात तिच्या अवयवावर हल्ला करणारी प्रतिपिंडे आहेत. मग बाहेरच्या दात्याचे मूत्रपिंड त्या नवऱ्याला मिळते, बायको आपले मूत्रपिंड दुसऱ्या अशाच जोडप्यातल्या रुग्णाला देते, आणि हे पुढे चालत राहते. 2007 साली मिशिगनमधल्या एका तरुणाने ॲरिझोनातल्या अनोळखी स्त्रीला मूत्रपिंड दिले, आणि त्यातून आठ महिन्यांत दहा जणांची प्रत्यारोपणे झाली. मूत्रपिंडासाठी सुमारे 90 हजार लोक रांगेत असलेल्या देशात एका माणसाच्या होकाराला किती वजन असू शकते, हे त्या साखळीने दाखवून दिले.

शस्त्रक्रिया जूनमध्ये ठरली, कारण शाळेला सुट्टी असताना मुलांची फेरी बुडणार नव्हती. त्या पहाटे मी नियमाप्रमाणे त्यांच्याकडे एकटी गेले. पत्नीला बाहेर थांबायची विनंती केली. हाताला सलाइन लागलेले होते, सर्जनने पोटाच्या डाव्या बाजूला जांभळ्या शाईने खूण केलेली होती. मी पुन्हा सगळे सांगितले. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या, 80 हजारांहून अधिक अमेरिकी दात्यांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या 90 दिवसांत दर दहा हजारांमागे सुमारे तीन मृत्यू आढळले होते. तुम्ही या क्षणी ‘नको’ म्हणालात तरी चालेल, आणि त्याचे कारण कोणालाही कळणार नाही. ‘माहीत आहे, मॅडम,’ ते म्हणाले, ‘पण तुम्हाला पूर्ण सांगावे लागते, तर सांगा.’ आणि त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

भूलतज्ज्ञ यायच्या आधी प्रत्यारोपणाची व्यवस्था पाहणारी समन्वयिका आली. ज्यांना हे मूत्रपिंड मिळायचे होते त्या दूरच्या राज्यातल्या रुग्णाला रात्री ताप भरला होता. संसर्ग असताना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देता येत नाहीत, शिवाय संसर्गानंतर प्रतिपिंडे बदलू शकतात, म्हणून दात्याचे आणि रुग्णाचे रक्त जुळते का हे पाहणारी क्रॉसमॅचची चाचणी पुन्हा करावी लागते. दुसरा जुळणारा रुग्ण काही तासांत उभा करणे शक्य नव्हते. साखळीतल्या इतर रुग्णालयांनीही त्या दिवशीच्या आपापल्या शस्त्रक्रिया रद्द केल्या. ‘तो माणूस बरा आहे ना?’ हा त्या गृहस्थांचा पहिला प्रश्न होता. समन्वयिकेला तेवढे सांगण्याची मुभा होती. ताप उतरत असल्याचे तिने सांगितले.

सलाइन काढल्यावर ते कपडे बदलून बसले आणि माझे खरे काम तेव्हा सुरू झाले. अशा वेळी दात्याला बाहेर पडायची वाट आपोआप मोकळी होते, आणि ती मोकळी आहे हे त्याला स्पष्ट सांगणे मी माझे कर्तव्य समजते. मी सांगितले. ते बराच वेळ हातावरच्या चिकटपट्टीची कड नखाने सोडवत राहिले. मग म्हणाले, ‘खरे सांगतो. रद्द झाले हे ऐकल्यावर मला आधी हायसे वाटले.’

असे वाक्य मला नोंदवून घ्यावेच लागते. मन द्विधा असल्याची ती खूण असू शकते, आणि तेवढ्यावरून शस्त्रक्रिया कायमची थांबवल्याची उदाहरणे आहेत. मी विचारले, मग आता काय वाटते?

‘पेजर वाजतो,’ ते म्हणाले. ‘आम्ही गाडी काढतो, आणि अर्ध्या वाटेत निरोप येतो की आग विझली, परत फिरा. दर वेळी हायसे वाटते. इतक्या वर्षांत एकदाही वाटले नाही असे झालेले नाही. पण पुढच्या वेळी पेजर वाजला म्हणून मी घरी बसलोय, असेही झालेले नाही.’

मी ते उत्तर त्यांच्याच शब्दांत नोंदवहीत उतरवले. भीती नसलेला दाता मला अधिक काळजीत टाकतो, हे मी येथे मुद्दाम लिहिते. ज्याला काहीच वाटत नाही त्याने बहुधा धोका ऐकलेलाच नसतो. या माणसाला भीती ठाऊक होती, ती येते आणि ओसरते हेही ठाऊक होते, आणि ती असतानाही आपण काय करतो याचा पुरावा त्यांच्याकडे होता. 23 डिसेंबर 1954 रोजी बॉस्टनमध्ये पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले, त्याच्या आदल्या रात्री आजारी रिचर्ड हेरिकने जुळ्या भावाला, रोनाल्डला, चिठ्ठी पाठवली होती की येथून निघ आणि घरी जा; रोनाल्डने उलट लिहिले की मी येथे आहे आणि येथेच राहणार आहे. तो निर्धार सख्ख्या भावासाठी होता. माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मूत्रपिंड घेणाऱ्याचे नावही माहीत नव्हते.

त्यांच्या पत्नीने मला बाहेर गाठले. आमच्याच मुलाला पुढे कधी गरज पडली तर काय, हा तिचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. अशा साखळ्या जुळवणाऱ्या काही संस्था दात्याला कुटुंबीयांची नावे नोंदवू देतात, ज्यांना पुढे गरज पडल्यास प्राधान्य मिळते. दात्याचे उरलेले मूत्रपिंड निकामी झाले तर राष्ट्रीय यादीत त्यालाही प्राधान्य मिळते. पण प्राधान्य म्हणजे हमी नव्हे, हेही मी तिला सांगितले. ती गाडीची किल्ली हातात घेऊन काही वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘ते येणारच. मलाच पुन्हा तयार व्हायला हवे, आणि त्याला थोडे दिवस लागतील.’ तिने स्वतःसाठी मागितलेले ते दिवस मला फार महत्त्वाचे वाटले, आणि पुढची तारीख ठरवताना मी ते समन्वयिकेकडून मिळवून घेतले.

नवी तारीख आली ती ऑगस्टअखेरची, नेमकी शाळा सुरू झाल्यानंतरची. जड उचलायचे नाही आणि बस चालवायची नाही, असे सहा आठवडे काढायचे होते. कोठारावरची उन्हाळ्यातली मजुरी जूनमध्येच बुडाली होती, आता शाळेचा पगारही धोक्यात आला. इतर चालकांनी आपापल्या आजारपणाच्या रजेतले दिवस त्यांच्या नावावर दिले, एका सहकारी महिलेने त्यांची फेरी स्वतःच्या फेरीला जोडून घेतली, आणि अग्निशमन दलातल्या मंडळींनी त्यांच्या घरी रात्रीचे जेवण पोहोचवायची पाळी लावली. हे त्यांनी कोणाकडे मागितले नव्हते.

शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. मूत्रपिंड बर्फाच्या पेटीतून विमानतळावर गेले आणि त्याच दिवशी दुसऱ्या टोकाला बसवले गेले. त्या साखळीत चौघांना मूत्रपिंड मिळाले. शेवटचे, आपला दाता नसलेल्या, वर्षानुवर्षे रांगेत थांबलेल्या एका रुग्णाला. दात्यांची तपासणी सहा महिन्यांनी, एक वर्षाने आणि दोन वर्षांनी करणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. या गृहस्थांच्या तिन्ही तपासण्या झाल्या आहेत. मूत्रपिंड कसे चालते हे दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन स्थिर आहे, रक्तदाब चांगला आहे आणि वजन अजून उतरलेलेच आहे. मूत्रपिंड मिळालेल्या व्यक्तीचे पत्र आलेले नाही. त्याबद्दल त्यांनी कधी चौकशीही केलेली नाही.

त्यांची फेरी सांभाळणाऱ्या त्या सहकारी महिलेने मागच्या महिन्यात आमच्या कार्यालयात फोन केला. त्यांनी तिला काही सुचवलेले नव्हते, हे मी दोघांनाही वेगवेगळे विचारून खात्री करून घेतले. तिच्या रक्ताच्या पहिल्या चाचण्या झाल्या आहेत, रक्तदाब मात्र थोडा वरच्या बाजूला आहे आणि तो कदाचित आड येईल. पुढच्या आठवड्यात ती माझ्याकडे येणार आहे, आणि तिलाही मी सगळे धोके पहिल्यापासून सांगणार आहे.