काटा कधी चढतो ते आधी बघा

मागच्या मे महिन्यात बाबांची 2003 ची मारुती 800 घेऊन लातूरहून अंबाजोगाईला निघालो होतो, रेणापूर सोडलं की इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला. एसी बंद केला तरी चढायलाच. शेवटी हीटर फुल लावला, भर मे महिन्यात, काचा खाली करून. बायको बघायली माझ्याकडं, ह्याला काय येड लागलं का म्हणून. पण हीटरमधून इंजिनचंच गरम पाणी फिरतं, म्हणजे तो एक छोटा रेडिएटरच (पुढची पाणी थंड करायची जाळी) झाला की. काटा जरा उतरला, कसंतरी बर्दापूर गाठलं, पाय भाजले ते वेगळंच.

लातूरला मिस्त्रीनं बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, हेड गॅस्केट (इंजिन अन् त्याच्या हेडच्या मधलं पॅकिंग, ते गेलं की पाणी ऑइलमधी मिसळू शकतं) गेलं. म्हणजे आता इंजिनचं हेडच उतरवायचं. मी म्हणलं थांबा जरा. डिपस्टिक काढली, ऑइल काळं होतं पण चहासारखं दुधाळ नव्हतं. सकाळी गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून स्टार्ट केली (गरम असताना काढू नका, तोंड भाजतं), बुडबुडे नाहीत, मागं पांढरा धूर नाही. गॅस्केटवरचा संशय बराच कमी झाला.

मग दोन दिवस नुसता काटा बघितला. गंजगोलाईच्या गर्दीत गाडी उभी असली की काटा बरोबर मधी, फॅन पण टायमाला चालू व्हायचा. मोकळ्या रोडला सत्तर-ऐंशीनं पळवली की दहा मिनिटात वर. ह्याच्या उलटं असतं, म्हणजे उभी तापती अन् पळताना थंड होती, तर मी फॅन, त्याचा स्विच, फ्यूज बघितलं असतं. पण पळताना एवढा वारा लागतो तरी तापायली म्हणजे पाणीच नीट फिरत नाही, मग वॉल्व (थर्मोस्टॅट, पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरकडं सोडतो), पाण्याचा पंप नाहीतर रेडिएटर चोक.

वॉल्व काढून आईच्या चहाच्या पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवला, त्याच्यावरून बोलणी खाल्ली. ऐंशी-नव्वद डिग्रीच्या मधी उघडायला पाहिजे, पाणी उकळायच्या आधी उघडला, म्हणजे वॉल्व चांगला. मिस्त्री म्हणला फेकूनच द्या, आपल्याकडं थंडी कुठं पडती. नाही फेकला, वॉल्व नसला की इंजिन गरम व्हायला उशीर लागतो अन् पेट्रोल जास्त पितं.

राहिले पंप अन् रेडिएटर, आधी रेडिएटर बघितला. गाडी फिरवून आणली, किल्ली काढली अन् जाळीवर हात फिरवला, वरनं चटका बसायला अन् खाली एका कोपऱ्यात तळहाताएवढी जागा कोमटच. तिथून पाणी जातच नव्हतं. रॉडिंगवाल्यानं (तो सळई घालून रेडिएटरच्या नळ्या साफ करतो) टाकी उघडून दाखवली, नळ्यांत पांढरा क्षार, आपल्या गिझरच्या रॉडवर बसतो तसला. बोरचं पाणी. आता ज्या गावाला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं गाडीत कोण गोडं पाणी ओतणार, बाबांनी वर्षानुवर्षं बोरचंच ओतलं.

झाकणाचं रबर पण कडक झालं होतं, तेही बदललं. झाकणानं 0.9 बार दाब धरला तर पाणी 115 च्या पुढं उकळतं, नाहीतर शंभरच्या आतच उकळून बाहेर येतं. आत अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर.

परवा परत अंबाजोगाईला जाऊन आलो, एसी लावून, काटा अर्ध्याच्या खालीच. डिकीतला बोरच्या पाण्याचा कॅन मात्र बाबा अजून काढू देईनात.