मलूल पडलेले ऑर्किड आणि नवीन रोपाची निवड : माझा अनुभव

आमच्या पुण्यातील घरी भेट म्हणून आलेल्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडची फुले दोन-अडीच महिने टिकली आणि ती गळून गेल्यावर, ऐन पावसाळ्यात, पाने मऊ पडून सुरकुतू लागली. झाडाला पाणी कमी पडते आहे, असे घरातील प्रत्येकाचे मत होते. परंतु कुंडी उचलल्यावर हाताला जड लागत होती. म्हणजे पाणी होते, ते पानांपर्यंत पोहोचत नव्हते. अशा वेळी मुळे पाहिल्याशिवाय काहीही करण्यात अर्थ नसतो.

झाड अलगद बाहेर काढले, तेव्हा कुंडीच्या कडेची मुळे चांगली होती. निरोगी मूळ बोटांत टणक लागते, कोरडे असताना रुपेरी दिसते आणि भिजले की हिरवे होते, कारण त्यावर पाणी शोषणारे स्पंजासारखे आवरण असते. मधली मुळे मात्र तपकिरी झाली होती. दाबताच त्यांतून पाणी सुटे आणि वरचे आवरण निसटून आतला दोऱ्यासारखा तंतू तेवढा हातात राही. त्यांच्या मधोमध स्फॅग्नम मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा, घट्ट गोळा होता. रोप लहान असताना रोपवाटिकेत तो बसवतात आणि पुढे कुंडी बदलतानाही बहुधा तसाच ठेवतात. वरचा थर कोरडा दिसला, तरी पावसाळी हवेत हा गोळा आतून वाळतच नाही.

गोळा चिमट्याने थोडा थोडा करून काढला आणि कात्री ज्योतीवर धरून, निवल्यावर, कुजलेली मुळे कापली. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावावी असे सांगतात. ती मी फक्त टोकांना लावली, कारण चांगल्या मुळांनाही ती सुकवते. मोठ्या कुंडीचा मोह टाळून पूर्वीच्याच मापाची, भोके असलेली पारदर्शक कुंडी घेतली. तिच्यात लोणारी कोळसा अधिक आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे कमी घातले. सोडण पाणी धरून ठेवते, शिवाय त्यातील क्षार आणि रंग निघून जाण्यासाठी ते आधी पाणी बदलत भिजत ठेवावे लागते.

त्यानंतर पूर्वेच्या खिडकीत ठेवलेल्या या झाडाला मुळे रुपेरी दिसली तरच, आणि तेही सकाळी, पाणी देत गेले. पानांच्या बेचक्यात साचलेले पाणी कापसाने टिपून घेत असे, कारण फॅलेनॉप्सिसला वाढीचा एकच शेंडा असतो आणि तो कुजला की झाड सहसा हातचे जाते. जुनी पाने पूर्ववत झाली नाहीत, तशी ती फारशी होतही नाहीत. सुधारणा कळली ती नव्या मुळाच्या चकचकीत हिरव्या टोकावरून. पुढे थंडीत, रात्री गार होऊ लागल्यावर, फुलांचा दांडाही निघाला. पण मुळे जेमतेम सावरलेली असल्याने तो मी कापला, आणि हा निर्णय घरात कोणालाच आवडला नाही.

आणखी एक झाड घ्यायला रोपवाटिकेत गेले, तेव्हा "ताई, हे घ्या, सगळी फुलं उमललीत," असे म्हणून विक्रेत्याने सर्वांत देखणे झाड पुढे केले. मी कुंड्या वर धरून तळाकडून मुळे पाहत होते. खोड धरून हलवल्यावर जे डुगडुगते, त्याची मुळे कमी आहेत असे समजावे. त्याशिवाय पानांच्या खालची बाजू, बेचके आणि कळ्या पाहिल्या. पिवळ्या पडलेल्या कळ्या प्रवासाने किंवा वाऱ्याने त्रासलेल्या झाडावर दिसतात आणि घरी येताच गळतात. सिंबिडियम हे दुसऱ्या प्रकारचे ऑर्किड फार सुंदर होते, परंतु त्याला फुलण्यासाठी हिमालयाच्या पायथ्यासारख्या गार रात्री बराच काळ लागतात, म्हणून ते सोडले. शेवटी काही फुले आणि बऱ्याच घट्ट कळ्या असलेले डेंड्रोबियम प्रकारचे ऑर्किड घेतले. त्याच्या जाड कांड्यांत पाणी साठत असल्याने एखादे पाणी चुकले तरी ते सोसते, आणि बाल्कनीतला भरपूर उजेड त्याला मानवतो. जुन्या, पाने झडलेल्या कांड्या वाळलेल्या वाटल्या, तरी हिरव्या आहेत तोवर कापायच्या नसतात. त्यांतील साठा नव्या फुटव्यांना मिळतो आणि कधीकधी त्यांच्यावरच पिल्ले, म्हणजे छोटी नवी रोपे, धरतात.

हे झाड सध्या फॅलेनॉप्सिसपासून दूर, बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला ठेवले आहे. पिठ्या ढेकूण हे किडे पानांच्या बेचक्यात दडून येतात आणि खरेदीच्या वेळी हमखास नजरेतून सुटतात, त्यामुळे काही आठवडे ते तिथेच राहील.